खानावळीचे ताट आणि वाढलेली साखर: कोकणात रोज बाहेर जेवणाऱ्याने काय निवडावे?

विचारणारे गृहस्थ ४६ वर्षांचे आहेत. मालाच्या वितरणाच्या कामासाठी आठवड्यातले चार-पाच दिवस ते महाड ते सावंतवाडी या पट्ट्यात फिरतात. सकाळचा नाश्ता एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, दुपारचे जेवण एखाद्या मालवणी खानावळीत आणि रात्रीचे मुक्कामाच्या लॉजखाली, असा त्यांचा क्रम आहे. अलीकडच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.८ टक्के निघाले, रक्तदाब १४६/९२ च्या आसपास राहतो आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, हीही वाढलेली आहेत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू करून ‘बाहेरचे खाणे बंद करा’ असे सांगितले. त्यांचे प्रश्न असे आहेत: नोकरीच फिरतीची असताना बाहेरचे बंद कसे करायचे? मासे आणि नारळ सोडावेत का? सोलकढी पथ्याला चालते का? आणि हॉटेलात सूप-सॅलडवर भागवणे हाच एक मार्ग उरतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बहुतेक जण पथ्याची सुरुवात तिथूनच करतात आणि आठवड्याभरात पथ्य सोडून देतात. महामार्गावरच्या हॉटेलांत मिळणारे सूप बहुधा कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले आणि मिठाला जड असते. त्यातल्या भाज्या शोधाव्या लागतात. सॅलड म्हणजे काकडीच्या चार चकत्या, कांदा आणि लिंबाची फोड. एवढ्यावर दुपार काढलेला माणूस चार वाजता चहाबरोबर दोन वडापाव किंवा बशीभर कांदाभजी खातो, आणि वर ‘दुपारी तर काहीच खाल्ले नव्हते’ असे समाधान करून घेतो. साखर, वजन आणि रक्तदाब या तिन्हींच्या दृष्टीने नीट जेवलेले एक ताट या अर्ध्या उपासापेक्षा केव्हाही बरे. तेव्हा तुम्ही खानावळीत जेवावे आणि पोटभर जेवावे. मात्र त्या ताटात काय किती यावे हे वाढप्यावर सोडू नये. पुढे जे लिहिते आहे तो सगळा याच वाक्याचा तपशील आहे.

नेहमीची सुरमई थाळी डोळ्यांसमोर आणा. एक तळलेली तुकडी, वाटीभर कालवण, सुकटीची किंवा जवळ्याची चटणी, सोलकढी, कांदा-लिंबू, तांदळाच्या दोन-तीन भाकऱ्या किंवा चार वडे आणि मागाहून येणारा भात. मालकाच्या हिशेबात या ताटातला मासा महाग आणि भात स्वस्त असतो. म्हणून तुकडी मोजून मिळते, आणि भात व रस्सा हवा तितका मिळतो. तुमच्या प्रकृतीच्या हिशेबात हे प्रमाण नेमके उलटे हवे. थाळीचे पैसे वसूल करायचे म्हणून आपण जो भात दुसऱ्यांदा घेतो, तोच त्या ताटातला सर्वांत महागात पडणारा भाग ठरतो.

याचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. मध्यम आकाराच्या तांदळाच्या भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळतात. शिजलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत आणखी सुमारे ४० ग्रॅम असतात. तीन भाकऱ्या आणि दोन वाट्या भात झाला की एका बैठकीत २०० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी ज्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहाराला सुमारे २५० ग्रॅम धान्य धरले आहे, आणि तेही कच्चे वजन. तीन भाकऱ्यांचे दीडशे ग्रॅम पीठ आणि दोन वाट्या भाताचे शंभर ग्रॅम तांदूळ मिळून दिवसाचा सगळा कोटा दुपारी दोनच्या आत संपतो, आणि अजून संध्याकाळचा चहा व रात्रीचे जेवण शिल्लक असते. याउलट एक भाकरी आणि अर्धी वाटी भात घेतला तर हाच आकडा ६० ग्रॅमच्या आसपास राहतो. मासा तोच, कालवण तेच, चवही तीच. पण जेवणानंतरच्या साखरेत पडणारा फरक तुमच्या ग्लुकोमीटरवर स्पष्ट दिसेल.

वड्यांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण कोंबडी-वड्यांचे नाव निघाले की भल्याभल्यांचे पथ्य ढासळते. वड्याच्या पिठात तांदळाबरोबर उडीद आणि इतर डाळीही असतात, म्हणून तो भाकरीपेक्षा पौष्टिक, असा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. पीठ चांगलेच आहे. पण ते तेलात फुगवून काढल्यावर प्रत्येक वडा स्वतःबरोबर तेल घेऊन ताटात येतो. एका चहाच्या चमच्याएवढ्या, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम तेलात ४५ किलोकॅलरी असतात. वडे गरम असतात, हलके लागतात आणि रश्श्यात बुडवता बुडवता किती संपले याचा हिशेब राहत नाही. वडे खायचेच असतील तर महिन्यातून एखाद्या दिवशी, दोनच, आणि त्या दिवशी भात अजिबात नको. भाकरी, वडे आणि भात तिन्ही एकाच ताटात घेण्याची पद्धत मला कोणत्याही प्रकृतीच्या माणसासाठी पटत नाही.

नाचणीची भाकरी मिळत असेल तर ती जरूर मागावी. तिच्यात तांदळापेक्षा तंतुमय पदार्थ जास्त असतात आणि कॅल्शियम तर भरपूर असते. परंतु नाचणी म्हणजे मधुमेहाचे औषध नव्हे. नाचणीच्या तीन भाकऱ्यांनीही साखर चढतेच, म्हणून संख्या एकच. उकड्या तांदळाच्या भाताचेही तसेच आहे: तो पॉलिश केलेल्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा बरा, पण ढिगाने खाण्याइतका बरा नाही.

आता ताट तुमच्या मनासारखे यावे कसे? माझा अनुभव असा की ताट पुढे आल्यावर केलेला निश्चय फारसा टिकत नाही. भूक लागलेली असते, वास दरवळत असतो आणि पानात पडलेले टाकायचे नाही हा संस्कार लहानपणापासूनचा असतो. म्हणून बोलायचे ते ताट लागण्याआधी. कोकणातल्या खानावळी बहुतांशी घरगुती असतात. मालकीणबाई स्वतः चुलीपाशी किंवा गल्ल्यावर असतात आणि त्यांना सांगितलेले कळते. ‘वहिनी, मला एकच भाकरी आणि भात अर्धी वाटी, त्याऐवजी उसळ किंवा भाजी एक वाटी जास्त द्या, पैसे लावा’ एवढे एक वाक्य पुरते. ‘पैसे लावा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण भात कमी केला म्हणून भाजी फुकट वाढवून मिळेल अशी अपेक्षा ठेवली की व्यवहार बिघडतो. शिवाय ‘मला साखर आहे’ असे मोकळेपणाने सांगितलेत तर काम आणखी सोपे होते. कोकणात हे सांगितल्यावर नाक मुरडणारी खानावळवाली माझ्या पाहण्यात नाही, उलट घरातल्या कोणाच्या तरी साखरेची चौकशी तुमच्याकडेच सुरू होते. तरीही आग्रह होणारच. ‘थोडो भात घालतंय’ म्हणत भाताचा हात पानावर आलाच, तर पानावर आडवा हात धरून रस्सा किंवा भाजी मागून घ्यावी. वाढणाऱ्याला काहीतरी वाढल्याचे समाधान लागते. ते भाजीने झाले तरी चालते.

जेवण्याच्या क्रमाचाही उपयोग होतो. आधी भाजी, उसळ, मासा आणि कांदा-काकडी खाऊन मग भाकरीकडे वळले आणि भात सर्वांत शेवटी घेतला, तर तेवढ्याच जेवणावर साखरेचा उसळता आलेख खाली राहतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. यात काही सोडावे लागत नाही. खानावळीत हे जमवणे सोपे आहे, कारण भात मागाहूनच येतो. अडचण एवढीच की आपण भाकरीची वाट पाहत बसतो आणि ती आल्याशिवाय माशाला हात लावत नाही.

मासे सोडायचे का? मुळीच नाही. तुमच्या ताटातला सर्वांत निर्दोष घटक मासाच आहे. वाढलेल्या ट्रायग्लिसराइड्सचा दोष लोक माशावर किंवा कोलेस्टेरॉलच्या नावाखाली कोळंबीवर टाकतात. प्रत्यक्षात ती वाढण्यामागे जादा भात, मैदा, साखर, मद्य आणि वाढलेले वजन ही कारणे बहुतेक वेळा असतात. बांगडा, तारली आणि पेडवे यांसारख्या तेलकट माशांत ओमेगा-३ मेदाम्ले चांगल्या प्रमाणात असतात आणि ती हृदयाला हितकारक असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोन वेळा मासे खाण्याची शिफारस करते, तीही न तळलेले. आपल्याकडे सुरमई आणि पापलेटला मान आणि बांगड्याला स्वस्ताई, ही बाजाराची प्रतवारी आहे. पोषणाच्या बाबतीत बांगडा कुठेही कमी पडत नाही. आठवड्यात चार-पाच दिवस बाहेर जेवणाऱ्याच्या खिशालाही बांगडा-थाळीच परवडते.

खरा प्रश्न मासा कोणता यापेक्षा तो शिजवला कसा, हा आहे. रव्यात घोळवून तळलेल्या तुकडीला जो खुसखुशीत पापुद्रा येतो तोच तेल धरून ठेवतो. बोंबील, मांदेली यांसारखे लहान मासे तळले तर वजनाच्या मानाने तेलाचा वाटा आणखी वाढतो. प्लेटभर मांदेली ही निम्मी मांदेली आणि निम्मा रवा असते. यावर उपाय म्हणजे ‘रवा न लावता, नुसता मसाला लावून तव्यावर’ असे सांगणे. गर्दी नसेल तर हे सहज करून मिळते. त्याहून सोपे म्हणजे तळलेल्याऐवजी रश्श्यातला मासा मागणे: बांगड्याचे तिखले, तिरफळे घातलेले कालवण, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) किंवा कोळंबीचे सुके. तिखल्यात नारळ नसतो किंवा नाममात्र असतो, कोकम आणि तिखटावरच चव येते, तेलही कमी लागते. पर्यटकांच्या यादीत ते बहुधा नसते, पण खानावळीच्या स्वतःच्या माणसांसाठी केलेले असते. विचारले तर मिळते. विचारण्याची लाज वाटत असेल तर एवढेच लक्षात घ्या की असा पदार्थ मागणारा गिऱ्हाईक जाणकार समजला जातो.

तळणीच्या तेलाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून, तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला वापरता येत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ही संयुगे वाढत जातात. गिऱ्हाइकाला ती मोजता येत नाहीत, पण नाक आणि जीभ बरेच सांगतात: भज्याला उग्र वास येणे, घशाशी खवखव होणे, तळलेला पदार्थ बाहेरून काळपट आणि बोटाला चिकट लागणे. सलग सुट्ट्यांच्या दिवसांत मालवण किंवा गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी कढई सकाळपासून रात्रीपर्यंत उतरत नाही. अशा दिवशी तळलेले काहीही न मागता कालवण-भाकरी घेणे शहाणपणाचे.

नारळाकडे येते, कारण त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला ‘नारळ म्हणजे कोलेस्टेरॉल’ म्हणून तो वर्ज्य करणारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला खोबरेल तेल चमच्याने पिणारे. नारळात कोलेस्टेरॉल नसते. ते फक्त प्राणिज पदार्थांत असते. पण खोबऱ्याच्या तेलातील जवळजवळ ९० टक्के मेद संपृक्त असतो, आणि संपृक्त मेद जास्त झाला की रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढते. ओल्या नारळाचे वाटण घातलेले वाटीभर कालवण ही कोकणी जेवणाची रोजची मात्रा आहे आणि ती सोडण्याचे कारण मला दिसत नाही. एकाच जेवणात वाटणाचे कालवण, खोबऱ्याचे सुके, खोबऱ्याची चटणी आणि दाट दुधाची सोलकढी असे चारही बाजूंनी खोबरे आले की मात्र हिशेब बिघडतो. चारांतले दोन निवडावेत. मटणाच्या किंवा कोंबडीच्या भाजलेल्या खोबऱ्याच्या रश्श्यावर तेलाचा तवंग असेल तर वाटी किंचित कलती करून तो बाजूला सारावा, किंवा रस्सा वरवरचा न घेता खालचा द्यायला सांगावा.

सोलकढी पथ्याला चालते का, याचे उत्तर तुमच्या रक्तदाबावर अवलंबून आहे. साखरेच्या दृष्टीने बिनसाखरेच्या सोलकढीत फारसे वावगे नाही. मात्र खानावळीत ती बहुधा कोकमाच्या आगळापासून, म्हणजे घट्ट रसापासून, करतात, आणि आगळ मिठात मुरवलेले असते. वर चवीला आणखी मीठ पडते. त्यात ‘अनलिमिटेड’ सोलकढी मिळाली की उन्हातून आलेला माणूस तीन-तीन ग्लास रिचवतो. तुम्ही एक लहान वाटी घ्यावी, तीही जेवणाच्या शेवटी. नारळाचे दूध न घालता कोकमाचे पाणी, मिरची, लसूण आणि कोथिंबीर यांची पातळ तिवळ काही ठिकाणी मिळते. मेदाच्या दृष्टीने ती हलकी, पण मिठाचे बंधन तिलाही आहेच. जाता जाता सांगते, सोलकढीचा रंग भडक गुलाबी दिसला तर तो एकट्या कोकमाचा असेलच असे नाही.

मिठाचा विषय इथेच पुरा करते, कारण १४६/९२ रक्तदाब असताना तुमच्यासाठी तो साखरेइतकाच महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली पोषण संस्था या दोघांनीही दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून चहाचा एक चमचा मीठ. मासळीच्या ताटात मीठ अनेक वाटांनी येते: माशाला लावलेले, कालवणातले, आगळातले, लोणच्यातले, पापडातले आणि सुक्या मासळीतले. यातली सुकी मासळी सर्वांत खारट. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते आणि खानावळींत सुकट, सोडे, सुके बोंबील आणि खारा बांगडा यांचे राज्य सुरू होते. पेजेबरोबर खारवलेल्या बांगड्याचा तुकडा ही कोकणी माणसाच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे हे मला ठाऊक आहे; तरीही तुम्ही त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीची चटणी चमचाभरच घ्यावी आणि लोणचे-पापड पूर्ण सोडावेत. पापडात मिठाखेरीज पापडखारातूनही सोडियम येते, म्हणून तो भाजलेला असला तरी रक्तदाबाला निर्दोष नाही. वरून मीठ घेण्याची सवय असेल तर मिठाचे भांडे दुसऱ्या टेबलावर ठेवून द्यावे.

पावसाळ्याचे हे दिवस खरे तर शाकाहारी ताटासाठी उत्तम. काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी किंवा मुगाची उसळ, कुळथाची पिठी, लाल माठ, टाकळा, अळूचे फदफदे, आणि रायगडकडे वालाचे बिरडे, यांतले काही ना काही लहान खानावळीत हमखास असते. उसळीत प्रथिने आणि तंतू दोन्ही मिळतात आणि साखर सावकाश चढते. इथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधते. सोमवार, गुरुवार किंवा श्रावण पाळणारी अनेक मंडळी त्या दिवशी महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात शिरतात आणि पनीर बटर मसाला, बटर नान आणि जिरा राइस मागवतात. ‘आज हलके जेवलो’ असे त्यांना मनापासून वाटते. काजूची पेस्ट, लोणी आणि साय घातलेली ती ग्रेव्ही, मैद्याचा नान आणि वर तुपाचा भात यांच्यापेक्षा बांगड्याचे तिखले आणि एक भाकरी हे ताट कितीतरी हलके असते. शाकाहारी दिवस असेल तर पंजाबी पानाकडे न वळता साधी थाळी मागावी. ती नसेल तर तडका न देता साधी डाळ, एखादी सुकी भाजी आणि तेल-बटर न लावलेल्या दोन तंदुरी रोट्या. रोटी गव्हाच्या पिठाची आहे की मैद्याची, हे विचारायला संकोचू नये.

दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांना पदार्थांसमोर किलोकॅलरी लिहिणे एफएसएसएआयने बंधनकारक केले आहे. महामार्गावर अशा एखाद्या दुकानात थांबावे लागले तर तो आकडा वाचावा; बर्गरबरोबर येणारे मोठे शीतपेय आणि तळलेले बटाटे मिळून मूळ पदार्थाइतकीच भर घालतात, हे तिथे लगेच दिसते. घरगुती खानावळीला हा नियम लागू नाही, तिथे वाटी आणि डोळे हेच मोजमाप.

नाश्त्याबद्दल थोडक्यात. घावन किंवा आंबोळी आणि सोबत काळ्या वाटाण्याचा सांबार हा कोकणातल्या हॉटेलांतला चांगला पर्याय आहे. दोन घावन, वाटीभर उसळ, खोबऱ्याची चटणी चमचाभर. बरोबर उकडलेली दोन अंडी मिळाली तर दुपारपर्यंत चिंता नाही. मिसळ घ्यायची तर फरसाण वेगळे मागून मूठभरच घालावे, वरची तर्री टाळावी आणि पाव एकच. पोहे-उपमा चालतील, पण एकट्याने भूक भागत नाही. वडा-उसळ, पुरी-भाजी आणि रसातले शिरवाळे हे तुमच्या रोजच्या यादीत नकोत.

पेयांत सर्वांत मोठी फसवणूक सरबतांची होते. कोकम सरबत, आवळा सरबत, करवंदाचे सरबत ही फळांची म्हणून औषधी मानली जातात; पण बाटलीतले कोकम सिरप हे साखरेत मुरवलेले असते आणि एका ग्लासात चार-पाच चमचे साखर सहज जाते. आगळ पाण्यात घालून, जिरेपूड टाकून बिनसाखरेचे करून द्या असे सांगावे. शहाळ्याच्या पाण्यातही साखर असते, जरी ती सरबतापेक्षा खूप कमी असली तरी. दिवसाला एक शहाळे चालेल, जेवणाबरोबर नको. दिवसातून पाच-सहा कप गोड चहा होत असेल तर थाळीची सगळी मेहनत वाया जाईल. बिनसाखरेचा चहा आता टपरीवरही मागितल्यावर मिळतो.

एप्रिल-मेमध्ये थाळीबरोबर आमरस येतो. हापूसच्या प्रदेशात राहून आंबा सोडा असे मी कोणाला सांगत नाही. आमरसाची वाटी नाकारावी, कारण तीत दोन-तीन आंबे आणि बऱ्याचदा वरून साखर असते. त्याऐवजी संध्याकाळी मधल्या वेळी अर्धा मध्यम हापूस खावा आणि त्या दिवशी रात्री भात घेऊ नये.

रात्रीच्या जेवणात पदार्थांपेक्षा वेळ आणि गोळी यांची काळजी अधिक. तुम्ही औषधांची नावे लिहिलेली नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तिच्यामुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हॉटेलात बसल्याबरोबर गोळी घेतली आणि गर्दीमुळे ताट तासाभराने आले, तर दरम्यान घाम सुटणे, हात थरथरणे, धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे होऊ शकते. अशी जेवणाबरोबरची गोळी ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावी. तुमच्या गोळ्या त्याच प्रकारच्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. लक्षणे जाणवली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी, आणि ती पूर्ववत होऊन जेवण होईपर्यंत गाडी चालवू नये. लॉजवर मित्रांबरोबर मद्य होत असेल तर हा धोका वाढतो, कारण रिकाम्या पोटी घेतलेल्या मद्याने साखर आणखी खाली जाऊ शकते. आणि तुमच्या ट्रायग्लिसराइड्सना तर ते थेट खतपाणी आहे. सोबतचे तळलेले बोंबील आणि खारे काजू-शेंगदाणे हा त्यावरचा तिसरा भार.

हे उत्तर तुमच्या प्रकृतीला धरून आहे. ते जसेच्या तसे शेजाऱ्याला लागू करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना शहाळ्यातील पोटॅशियम आणि माशा-उसळीतील प्रथिने या दोन्हींचे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. यूरिक ॲसिड वाढून सांधे धरत असतील तर तारली, बांगडा आणि तिसऱ्या यांवर मर्यादा येते. गरोदर स्त्रियांनी मोरी (शार्क) आणि तशाच मोठ्या शिकारी माशांपासून दूर राहावे, कारण त्यांच्यात पाऱ्याचे प्रमाण अधिक साठते. लहान मासे त्यांना चालतात.

आता तुम्ही करायचे काम. ग्लुकोमीटर गाडीत ठेवा. ज्या दोन-तीन खानावळींत तुमचे नेहमीचे जाणे आहे, तिथे एके दिवशी नेहमीसारखे जेवून पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी एक भाकरी, अर्धी वाटी भात आणि जादा उसळ असे जेवून पुन्हा तपासा. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी हा आकडा १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावा असे धरले जाते. तुमचे उद्दिष्ट डॉक्टर ठरवतील. वहीत तारीख, ठिकाण, ताटात काय होते आणि आकडा, एवढेच लिहा. अशी महिन्याभराची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर ‘बाहेरचे बंद करा’ याऐवजी तुमच्या गोळ्यांच्या मात्रेवर नेमके बोलणे होऊ शकेल.